सर्व्हरवर सॉफ्टवेअर : आयतं घ्यावं की घरी बांधावं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले आणि किती तरी गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. माणसं ताडपत्री शोधत फिरत होती, त्यात एका कॉलेजच्या लायब्ररीतला सर्व्हर कोणाच्या ध्यानात राहणार? तो आठवला जुलैच्या शेवटी. ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, "सर, मशीन पार भिजलंय. पण बॅकअपचा पेनड्राइव्ह माझ्या घरी आहे, तो कोरडा आहे. नव्या मशीनवर चालू करून द्याल ना?"

"अर्ध्या दिवसाचं काम," मी म्हणालो. पाच दिवस लागले.

ते पाच दिवस का लागले, हे सविस्तर सांगतो. तयार पॅकेज घ्यावं की सोर्स आणून स्वतः कंपाइल करावं, हा प्रश्न मला पतसंस्था, शाळा, छोटी इस्पितळं, होमस्टेवाले असे सगळेच विचारतात, आणि त्याचं माझं उत्तर त्या पाच दिवसांत तयार झालं.

सर्व्हरवर कोहा होतं. कोहा हे ग्रंथालय चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी ते लिहिलं गेलं आणि २००० साली वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडच्या पुष्कळ कॉलेजांत आज तेच चालतं. त्याच्या पोटात पुस्तकं शोधून देणारं झेब्रा नावाचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. २०१८ मध्ये मी हे सगळं डेबियनच्या पॅकेजांमधून बसवलं, नोंदी भरल्या, शोधाच्या चौकटीत 'कोकण' टाकलं आणि उत्तर आलं : शून्य पुस्तकं. इंग्रजी शीर्षकं सापडत होती, मराठी सापडत नव्हती.

मी ठरवून टाकलं की पॅकेजमधल्या झेब्राला मराठी येत नाही. मग एक जुनी मार्गदर्शिका शोधली, आधी याझ नावाची लायब्ररी आणि मग झेब्रा, दोन्हींचा सोर्स उतरवला, 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' केलं. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी 'कोकण' टाकल्यावर स्क्रीनभर पुस्तकं आली. मॅडमनी चहा पाजला. मी कुठलेही पर्याय, कुठलीही आज्ञा लिहून ठेवली नाही. डोक्यात होतं सगळं.

दोन वर्षांनी ते डोक्यात नव्हतं. नव्या मशीनवर तेच सगळं पुन्हा केलं आणि पुन्हा शून्य पुस्तकं. तीन दिवस झगडल्यावर कळलं की आयसीयू नावाची, देवनागरीसकट जगातल्या लिप्यांचे शब्द नीट तोडून देणारी लायब्ररी असते, तिची डेव्हलपमेंट फाइलींची पुडी मी या वेळी घालायला विसरलो होतो. 'कॉन्फिगर'ला ती सापडली नाही, तर तो तिच्याशिवायच पुढे गेला. शेकडो ओळी भराभर सरकत असताना त्यातली एक 'नो' म्हणणारी ओळ माझ्या डोळ्यांतून निसटली. एरर नाही, इशारा नाही, बांधणी यशस्वी.

खरी थप्पड पाचव्या दिवशी बसली. पॅकेजमधल्या झेब्रात आयसीयू आधीपासूनच होतं. कोहाच्या सेटिंगांत 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' नावाची छोटीशी फाइल असते. तिच्यात 'कॅरमॅप' अशी ओळ असते ती काढून तिथे 'आयसीयूचेन'ची ओळ टाकायची आणि सगळ्या पुस्तकांची अनुक्रमणिका नव्याने बांधायची आज्ञा द्यायची. झालं. आणि २०१८ मध्ये माझं काम कशाने झालं होतं? त्या मार्गदर्शिकेत कंपाइलच्या लांबलचक पायऱ्यांनंतर, अगदी शेवटी, हीच ओळ बदलायला सांगितलेली होती. शोध सुरू झाला त्या ओळीने, आणि श्रेय मी दिलं माझ्या दोन रात्रींना.

म्हणून पहिला सल्ला : कंपाइल करावंसं वाटलं की आधी सेटिंगची फाइल वाचा. माझ्या अनुभवात 'पॅकेजमध्ये ही सोय नाही' असं वाटणाऱ्या बहुतेक वेळी सोय असते, ती बंद ठेवलेली असते किंवा शेजारच्या वेगळ्या पॅकेजात असते. अपाचीचे मॉड्यूल असेच वेगळे मिळतात. एनजिनएक्सचं मॉड्यूल हवं म्हणून सगळं एनजिनएक्स नव्याने बांधण्याचे दिवसही संपले. २०१६ मधल्या १.९.११ या आवृत्तीपासून त्यात मॉड्यूल बाहेरून जोडता येतात आणि नेहमीचे मॉड्यूल डेबियन-उबुंटूत तयार पुड्यांमध्ये असतात. पीएचपीचंही तसंच. 'एपीटी सर्च' हे दोन शब्द टाइप करायला पाच सेकंद लागतात.

आता पॅकेज म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. डेबियन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरला कोणी तरी सांभाळणारा असतो. तो मूळ सोर्स घेतो, प्रकल्पाच्या यंत्रांवर त्याची बांधणी होते, कुठली फाइल कुठे जाईल, कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती लागेल हे त्या पुडीवरच लिहिलेलं असतं. पुड्यांच्या यादीवर डिजिटल सही असते आणि तुमचं मशीन ती सही जुळल्याशिवाय सहसा काही घेत नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या अल्मा आणि रॉकी लिनक्सचं तंत्रही याच जातीचं, फक्त तिथे 'एपीटी'ऐवजी 'डीएनएफ' म्हणायचं. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती नोंदवही. कुठल्याही फाइलवर बोट ठेवा, ती कुठल्या पॅकेजातून आली हे मशीन सांगतं. पॅकेज काढा, त्याच्या फाइली जातात. 'मेक इन्स्टॉल'ने शेकडो फाइली 'यूएसआर लोकल'मध्ये पसरून ठेवल्या की त्यांची नोंद कुठेच नसते. काही सोर्सना 'मेक अनइन्स्टॉल' असतं, पुष्कळांना नसतं, आणि असलं तरी बांधणीचं मूळ फोल्डर तुम्ही तोवर उडवलेलं असतं.

आणि मग सुधारणांचा प्रश्न. सॉफ्टवेअर बसवणं हे एका दुपारचं काम. त्यात उद्या भोक सापडलं तर ते कोण बुजवणार? पॅकेज असेल तर 'अनअटेंडेड अपग्रेड्स' नावाची सोय सुरक्षेच्या दुरुस्त्या रात्रीत आपोआप ओढते. स्वतः बांधलं असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या सूचनांकडे रोज लक्ष ठेवणारा माणूस तुम्हीच. गणपतीतही तुम्हीच, लग्नसराईतही तुम्हीच. रोह्याहून मुरूडला एसटीने जाऊन सर्व्हर बघणाऱ्या एकट्या माणसाने ही जबाबदारी किती सॉफ्टवेअरांची घ्यावी? माझं उत्तर : एकाची, फार तर दोघांची.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. बाहेरचा ऑडिटर येतो, स्कॅनर फिरवतो आणि अहवालात लिहितो की तुमची आवृत्ती जुनी आहे, ताबडतोब नवी बसवा. घाबरून लोक नवी आवृत्ती कंपाइल करतात. थांबा. डेबियन, उबुंटू, रेड हॅट हे आवृत्तीचा आकडा सहसा बदलत नाहीत, फक्त दुरुस्ती मागच्या आवृत्तीत आणून बसवतात. एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड आठवा. ओपनएसएसएलमधल्या त्या भोकातून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर वाचता येत होता. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियनच्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत मात्र आकडा १.०.१ई असाच राहिला, फक्त त्याच्यामागचं शेपूट बदलून 'डेब७यू५' झालं. नुसता 'ई' बघणाऱ्याला वाटलं भोक उघडं आहे, प्रत्यक्षात ते बुजलेलं होतं. तेव्हा ऑडिटरला आवृत्तीचं शेपटासकट पूर्ण नाव द्या, सोबत त्या पॅकेजच्या बदलांच्या यादीतली सीव्हीई क्रमांकाची ओळ जोडा. समजदार ऑडिटर तेवढ्यावर शेरा मागे घेतो.

दुरुस्ती आली म्हणजे लागू झाली असंही नाही, बरं का. लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेला सर्व्हर मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो. 'नीडरीस्टार्ट' हे छोटं पॅकेज टाकून ठेवा, कुठली सेवा पुन्हा सुरू करायची ते तेच सांगतं.

अपग्रेडच्या वेळी मधेच एक प्रश्न येतो आणि लोक गोंधळून एंटर मारतात : तुम्ही बदललेली सेटिंगची फाइल ठेवू की पॅकेजमधली नवी घालू? डेबियनमध्ये नुसतं एंटर मारलं तर तुमचीच राहते, ते बरंच आहे. कोहाच्या त्या 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स'ला चुकून नवी फाइल घ्या म्हणालात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी पुस्तकं पुन्हा गायब. पण कायम 'माझीच ठेव' म्हणत राहणंही बरं नाही. फरक दाखवण्याचा पर्याय तिथेच असतो, तो दाबून वाचा.

पॅकेज म्हणजे डोळे मिटून विश्वास, असं मात्र मी म्हणणार नाही. २००६ मध्ये डेबियनच्या एका सांभाळणाऱ्याने ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी, तपासणीचं साधन तक्रार करतंय म्हणून, काढून टाकल्या. त्यामुळे गुप्त किल्ल्यांमधला यादृच्छिकपणाच आटला. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जगभरात जेमतेम ३२ हजारांवर वेगळ्या निघू शकत होत्या. मे २००८ मध्ये ते उघडकीला आलं. मूळ सोर्समधून बांधणाऱ्यांना याची झळ लागली नव्हती.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर आडवी जाते. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकसकाला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे कळेना. खणत खणत तो एक्सझेड या साध्या फाइल दाबणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी चोरदरवाजा बसवला होता. त्याला जोडून घेणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या गिटच्या भांडारात नव्हती, ती होती उतरवून घ्यायच्या टारबॉलमध्ये. म्हणजे 'मी सोर्स वाचून बांधतो' म्हणणाऱ्याने एक वाचलं असतं आणि दुसरंच बांधलं असतं. वर खुबी अशी की डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असेल तरच ते विष जागं व्हायचं. वाचलं कोण? डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारे. ती नवं काही घ्यायला उशीर करते, म्हणून तिच्यात या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या. 'डेबियन म्हणजे शिळंपाकं' अशी टिंगल मीही पूर्वी केलेली आहे. सर्व्हरवर शिळं चालतं.

आणि सुधारणा नेमकी कुठून येते, हा प्रश्न आपल्या किनाऱ्याने जवळून पाहिलाय. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं विध्वंसक सॉफ्टवेअर जगभर पसरलं. ते सुटलं एम.ई.डॉक या युक्रेनमधल्या कर भरण्याच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोर त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच शिरले होते. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यात बसलं आणि उरणजवळ न्हावा-शेव्याच्या बंदरातलं त्यांच्या समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरची कामं हाताने करावी लागली. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं की त्यांना सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची मुख्य नोंदवही जगभरच्या सर्व्हरांवर पुसली गेली आणि एकच प्रत शिल्लक राहिली, घानामधली. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! महावितरणच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्या मला ही गोष्ट वाचून उगाच बरं वाटलं.

यातून आपल्यापुरतं घ्यायचं ते हे. तुमच्या सर्व्हरवर किती वेगवेगळ्या ठिकाणांहून सुधारणा येतात ते मोजा. डेबियनची स्वतःची भांडारं, हे एक ठिकाण. पोस्टग्रेस, मारियाडीबी, कोहा यांची अधिकृत डेबियन भांडारं आहेत, त्यातलं जे खरंच लागतं ते दुसरं. डेबियनची 'बॅकपोर्ट्स' ही नव्या आवृत्त्यांची बाजूची फडताळं घरचीच मानायला हरकत नाही. पण कुठल्या तरी मदतीच्या पानावरची ओळ उचलून, फाइल उतरवून तशीच्या तशी रूटच्या अधिकाराने चालवणं बंद करा. अनोळखी माणसाचं भांडार जोडणंही नको. आणि डेबियनवर उबुंटूची भांडारं तर मुळीच नको. वरवर चालतं, आणि पुढच्या अपग्रेडला असं तंगडं अडकतं की नवं मशीन परवडलं.

मग कंपाइल कधी करायचं?

अलिबागच्या वेधशाळेकडे बघा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून त्या वेळचे प्रमुख नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिची इमारत मुद्दाम बिनलोखंडी बांधली. तपासून निवडलेला पोरबंदरी दगड, आणि खिळे-बिजागऱ्यांच्या जागी तांब्या-पितळेचं सामान. बाजारात आयतं मिळणारं कुठलंही घर तिथे चाललं नसतं, कारण गरजच बाजाराबाहेरची होती. त्याच अलिबागेत बाकीच्या लोकांनी मात्र लोखंडी खिळे ठोकूनच घरं बांधली.

तुमची गरज अशी बिनलोखंडी आहे का, एवढं प्रामाणिकपणे तपासा. हवं ते सॉफ्टवेअर कुठल्याच भांडारात नाही. किंवा तुम्हाला छळणाऱ्या एका चुकीची दुरुस्ती मूळ प्रकल्पात झाली आहे, पॅकेजात अजून आलेली नाही. किंवा एखादं यंत्र, समजा भरतीची पातळी मोजणारं, त्याच्या उत्पादकाने नुसता सोर्सच दिला आहे. किंवा शिकायचंय, तर घरच्या लॅपटॉपवर अगदी मनसोक्त करा. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातली मुलं भेटतात त्यांना मी हेच सांगतो, एकदा तरी सगळं हाताने बांधून बघा, नाहीतर आतली जोडणी कधी कळणार नाही. 'आमच्या प्रोसेसरसाठी खास बांधलं की वेग वाढतो' हे कारण मात्र मी मोजत नाही. पतसंस्थेचा सर्व्हर संथ असतो तो बहुधा डेटाबेसला इंडेक्स नसल्याने, मेमरी अपुरी असल्याने किंवा जुनी चकती कण्हत असल्याने. कंपाइलरचा त्यात दोष नसतो.

दुरुस्तीचं कारण असेल तर एक मधला रस्ता आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. डेबियनचं त्याच पॅकेजचं सोर्स 'एपीटी सोर्स'ने आणा, 'बिल्ड-डेप'ने लागणाऱ्या लायब्रऱ्या ओढा, तेवढी दुरुस्ती घाला, आवृत्तीच्या शेपटाला आपल्या संस्थेची ओळखखूण जोडा आणि 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज'ने नवी पुडी बांधा. हाती येतं ते पॅकेजच. नोंदवहीत बसतं, नीट निघतं, आणि पुढे डेबियनने तीच दुरुस्ती काढली की त्यांची वरची आवृत्ती आपली जागा घेते. मला घाम फुटला तो पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी तासाभरात झालं.

शुद्ध सोर्समधूनच बांधायचं ठरलं, तर थोडी पथ्यं. चालत्या सर्व्हरवर बांधू नका, त्याच आवृत्तीचं दुसरं मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन घ्या. टारबॉलसोबत सहीची फाइल असते, ती पडताळा. 'कॉन्फिगर' आणि 'मेक' साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा, रूट लागलाच तर शेवटच्या पायरीला. 'कॉन्फिगर'ची अख्खी आज्ञा एका फाइलीत लिहा आणि तिथूनच चालवा, हाताने टाइप करू नका. आणि ते संपल्यावरचा सारांश फाइलीत साठवून 'नो' हा शब्द शोधा. माझे तीन दिवस तेवढ्याने वाचले असते. सगळं 'यूएसआर लोकल'मध्ये ओतण्याऐवजी 'ऑप्ट'खाली सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती असं फोल्डर करा आणि चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी एक सिमलिंक ठेवा. नवी आवृत्ती बिघडली तर बोट मागे वळवायचं, पाच सेकंदांत जुनं चालू. सिस्टमडीची सेवा-फाइल लिहायला विसरू नका, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर मशीन उठतं आणि तुमचं सॉफ्टवेअर झोपलेलंच राहतं. हे आपल्याकडे आठवड्यातून दोनदा होऊ शकतं.

रास्पबेरी पाय किंवा एक जीबी मेमरीचं जुनं मशीन असेल तर 'मेक'ला चार कामं एकदम देऊ नका. मेमरी संपते, कर्नल कंपाइलरला मारून टाकतं आणि पडद्यावर नुसतं 'किल्ड' येतं. एक-एक काम द्या, रात्री लावून झोपा, आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज आहे ना ते आधी बघा.

आणखी एक गोष्ट, जी बसवताना दिसत नाही आणि तीन वर्षांनी चावते. हाताने बांधलेलं सॉफ्टवेअर त्या दिवशीच्या लायब्रऱ्यांना बांधलेलं असतं. डेबियन ११ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, २०२३ मधल्या डेबियन १२ मध्ये ३.० आलं आणि १.१ ची लायब्ररी गेली. त्या अपग्रेडनंतर ज्यांनी ११ वर काही बांधलं होतं त्यांच्या सेवा 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' म्हणून रुसून बसल्या. पॅकेजं मात्र सगळी नव्या लायब्ररीवर बांधूनच आली होती. कंपाइल केलेल्याचा हिशेब त्यामुळे अपग्रेडच्या आधी करायचा. 'एलडीडी' लावून कोण कोणावर टेकलंय ते बघून ठेवायचं. आणि अपग्रेड तर करावंच लागतं. सेंटओएस ७ च्या सुधारणा ३० जून २०२४ ला थांबल्या, तरी अजून ते चालवणारी मशीनं मला भेटतात. डेबियनची एक आवृत्ती साधारण पाच वर्षं पुरते, उबुंटू एलटीएसही तितकीच, अल्मा दहा. ज्या संस्थेत संगणकवाला माणूस वर्षातून दोनदाच येतो तिथे मी सरळ अल्मा घालतो.

आता कागद. दर सर्व्हरला एक कागद, छापलेला. त्यावर वितरणाचं नाव आणि आवृत्ती, 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल'ने येणारी हाताने मागवलेल्या पॅकेजांची यादी, जोडलेली बाहेरची भांडारं, 'ईटीसी'तल्या बदललेल्या फाइली, बॅकअप कुठे आहे ते, आणि कंपाइल केलेलं काही असेल तर त्याचं नाव लाल शाईत. कोहाचं पॅकेज रोजचा बॅकअप आपण होऊन काढतं, पण तो त्याच मशीनवर पडतो. तो बाहेर नेणं तुमचं काम. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्या इमारतीत ठेवा. खाऱ्या हवेत वर्षभरात शाई फिकी पडते, म्हणून दर पावसाळ्याआधी नवा छापा. आणि एकदा तरी, दुसऱ्या कोणाला तरी, तो कागद देऊन जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर उभा करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, तोंड बंद. तो जिथे अडेल ती ओळ कागदावर नव्हती.

गावातलं नेट बेभरवशाचं असेल तर एका मशीनवर 'एपीटी-कॅशर-एनजी' बसवा. एकदा उतरलेली पुडी ते जपून ठेवतं आणि बाकीची मशीनं तिथूनच घेतात. ज्या शाळेत चार सर्व्हर आणि वीस डेस्कटॉप एकाच वाकड्यातिकड्या जोडणीवर आहेत तिथे फरक लगेच जाणवतो.

शेवटी, माझ्यासारखं आधीच कोणी हाताने बांधून ठेवलं असेल तर? एका रात्रीत उलटंपालटं करू नका. पुन्हा त्या वेधशाळेचं उदाहरण घ्या : अलिबाग सुरू झाल्यावर कुलाबा लगेच बंद केला नाही, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या आणि ताडून पाहिल्या. तुम्हाला दोन आठवडे पुरतील. पॅकेजवर बांधलेलं नवं मशीन बाजूला उभं करा, कालचा बॅकअप त्यात भरा, रोजचे दहा शोध, दहा पावत्या, दहा नोंदी दोन्हीकडे करून बघा. त्या कॉलेजात मॅडमनी हे काम दोन विद्यार्थिनींना दिलं होतं. त्यांनी वहीत दोन रकाने आखले, जुनं आणि नवं, आणि 'कोकण'पासून 'भरतीओहोटी'पर्यंत चाळीस शब्द लावून पाहिले. एका शब्दाला नव्या मशीनवर एक पुस्तक जास्त सापडत होतं. ते जुन्यावर कधीच दिसलं नव्हतं.